कानाच्या पाळीइतकं मऊ

तिला जेवायला बोलावणं आम्ही हळूहळू सोडून दिलं होतं. ठरवून नाही, होत गेलं. आधी जेवणाच्या भेटी चहावर आल्या, चहाच्या भेटी फिरायला जाण्यावर, आणि मग एकदा ताईच्या तोंडून निघालं, "आपण तिच्यासोबत शेवटचं कधी जेवलो गं?" कुणालाच आठवेना.

कोविडमध्ये तिचा वास गेला. आमच्यातल्या बाकीच्यांचा दोन-तीन आठवड्यांत परतला, तिचा दोन वर्षं उलटली तरी नाही. "वासच गेलाय ना, चव तर आहे," असं लोक तिला धीर द्यायला म्हणतात आणि ती गप्प बसते. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला फार मोठा वाटा वासाचाच असतो. घास चावताना त्याचा गंध घशामागून वर नाकात चढतो आणि मेंदू सगळं 'चव' या एकाच खात्यात जमा करून टाकतो. एकट्या जिभेला कळतात त्या पाचच गोष्टी: गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी, म्हणजे सूप-मशरूममधली ती भरीव चव. त्यामुळे कॉफी तिच्यासाठी गरम कडू पाणी आहे. सफरचंद म्हणजे गोडसर ओला तुकडा, नाशपाती म्हणजे जरा मऊ गोडसर ओला तुकडा.

रोज सकाळ-संध्याकाळ ती चार बाटल्या हुंगते: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. नाकाचा व्यायामच तो. थॉमस हुमेल या जर्मन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ही पद्धत मांडली. कुणाला तिचा उपयोग होतो, कुणाला होत नाही. तिला अजून झालेला नाही, पण तिने एक दिवसही चुकवलेला नाही.

कल्पना सेन्सेईची. ती जपानी शिकवते म्हणून आम्ही तिला गेली कित्येक वर्षं सेन्सेईच म्हणतो. तिने मला फोन केला आणि म्हणाली, "रविवारी दिवसभर स्वयंपाक करू. नाकाला सुट्टी देऊ आणि बाकीच्यांना कामाला लावू."

मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी वही घेऊन बसले. पूर्व आशियातल्या स्वयंपाकघरांत घास तोंडाला कसा लागतो याला चवीच्या बरोबरीचा मान आहे. चिनी भाषेत त्याला 'खौकान' म्हणतात, म्हणजे तोंडाची जाणीव. तैवानमध्ये दाताखाली उसळी घेणाऱ्या पदार्थाला नुसतं 'क्यू' हे इंग्रजी अक्षर लावतात, फारच छान जमला असेल तर 'क्यूक्यू'. तिकडे काळे मशरूम किंवा जेलीफिश मिटक्या मारत खातात. त्यांना स्वतःची चव अशी जवळजवळ नसतेच, खायचं ते केवळ दाताखालच्या करकरीसाठी. आणि जपानीत तर असल्या शब्दांचा ढीग: साकुसाकु, शाकिशाकि, मोचिमोचि, पुरिपुरि, तोरोतोरो. ती एकेक सांगत होती आणि माझ्या मनात आपले शब्द रांग लावत होते. खुसखुशीत, कुरकुरीत, लुसलुशीत, गुळगुळीत, बुळबुळीत, रवाळ, चामट, भुसभुशीत. दोन्ही भाषांना अक्षरं दुहेरी करून जीभ चाळवायची हौस आहे. इतके शब्द ज्या भाषेत आहेत तिच्यात वाढलेली मी, स्वयंपाक करताना आजवर फक्त वासावर चालत आले होते. कांदा परतला की नाही, हे मी पाहतसुद्धा नसे.

रविवारी सकाळी आठला आम्ही पाचजण ताईच्या स्वयंपाकघरात होतो. ताई, सेन्सेई, मी, ताईचा धाकटा भाऊ आणि ती. धाकटा पंचविशीचा, पण आमच्यासाठी तो कायमचा धाकटाच.

पहिलं काम किमचीच्या, म्हणजे कोरियन आंबवलेल्या लोणच्याच्या कोबीचं, कारण त्याला वेळ लागतो. दोन किलोचे दोन चायनीज कोबी उभे चिरले, पानापानाच्या मधे जाडं मीठ भरलं आणि परातीत ठेवून दिले. देठाकडे मीठ जास्त, पानाकडे कमी. मीठ पाणी ओढून घेतं, पान वाकतं. दीड-दोन तासांनी उलटायचं, पुन्हा तेवढाच वेळ ठेवायचं. पांढरा जाड देठ मोडून न पडता दुमडला की झालं. हे तपासायचं काम तिने आपणहून घेतलं. दर थोड्या वेळाने ती जाऊन एक पान वाकवून बघायची आणि आम्हाला बातमी द्यायची, "अजून ताठ आहे."

मग ताईने फ्रीजमधून दोन भांडी काढली. रात्रीच भिजत घातलेली. एकात कोंबू, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, चामड्याच्या पट्ट्यासारखं. दुसऱ्यात वाळवलेले शिताके मशरूम. कोंबूचं पाणी मंद आचेवर ठेवलं आणि तळाशी बारीक बुडबुडे दिसताच पट्टा बाहेर काढला. उकळू दिलं तर पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. शिताकेचं पाणी गाळून वेगळं गरम केलं.

असल्याच कोंबूच्या पाण्यावरून टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांना प्रश्न पडला होता, की या सूपमध्ये जे लागतंय ते गोड नाही, खारट नाही, आंबट नाही, कडूही नाही, मग आहे काय? १९०८ साली त्यांनी कोंबूतून ग्लुटामेट नावाचं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. १९१३ साली त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना वाळवलेल्या बोनितो माशात तशाच चवीचं दुसरं द्रव्य सापडलं. पुढे १९५०च्या दशकात अकिरा कुनिनाका यांनी शिताकेशी जोडलेलं तिसरं ओळखलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही द्रव्यं एकत्र आली की चव नुसती वाढत नाही, कैक पटींनी उसळते, हे दाखवून दिलं. जपानी आजी-पणज्यांना हे हाताने माहीत होतंच, सूपमध्ये दोन गोष्टी एकत्र घालायची पद्धत जुनीच आहे. आमच्यात दोघी मासे खात नाहीत, म्हणून आमची जोडी कोंबू आणि शिताकेची.

सेन्सेईने तिच्यापुढे तीन लहान पेले ठेवले. पहिल्यात कोंबूचं पाणी, दुसऱ्यात शिताकेचं, तिसऱ्यात दोन्ही समसमान. तिन्हींत मीठ सारखंच, चिमूटभर.

पहिला पेला तिने प्यायला. "आहे काहीतरी. सौम्य." दुसरा. "हेही तसंच, जरा वेगळं." तिसरा तोंडाला लावला आणि ती थांबली. गिळला, पेल्याकडे पाहिलं, पुन्हा एक घोट घेतला. मग तिने हात आपल्या गालांवर ठेवले, जबड्याच्या मागच्या बाजूला, जिथे तोंडाला पाणी सुटताना ओढ बसते तिथे.

"यात तुम्ही दुसरं काही घातलं नाही ना?"

"नाही."

"हे मला कळतंय," ती म्हणाली. "आठवून नाही. हे मला खरंच लागतंय."

हे मी जपून लिहिते आहे, कारण त्या वाक्यातला फरक मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हता. दोन वर्षं ती जेवत होती ते आठवणीवर. ताटात काय आहे ते डोळ्यांनी बघायचं आणि ते कसं लागायचं ते आठवत गिळायचं. तिसऱ्या पेल्यात आठवायला काहीच नव्हतं. कोंबू तिने आयुष्यात पहिल्यांदाच चाखला होता. तिची जीभ धडधाकट होती, आणि आम्ही सगळे, तीसुद्धा, नाकाच्या दुःखात जिभेला विसरून गेलो होतो.

त्या पेल्यानंतर स्वयंपाकघराचा नूरच बदलला. तिने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि विचारलं, "मी काय करू?"

डंपलिंगचं पीठ मळायला घेतलं. डंपलिंग म्हणजे सारण भरलेल्या, चुण्या घातलेल्या छोट्या करंज्याच. तव्यावर करायच्या डंपलिंगसाठी मैद्यात उकळतं पाणी घालतात आणि पाण्यात उकडायच्या असतील तर गार. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च तिथेच शिजून फुगतो, चिवटपणा कमी होतो, पापुद्रा लवचीक आणि मऊ राहतो. तीनशे ग्रॅम मैदा, दीडशेच्या आसपास पाणी. आधी चमच्याने, मग हाताला सोसवेल तेव्हा हाताने. अर्धा तास झाकून ठेवायचं. सारणात कोबी बारीक चिरून, मीठ लावून, घट्ट पिळून, कारण पाणी राहिलं तर पापुद्रा फाटतोच. त्यात मगाचचेच शिताके, टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, आलं, कांद्याची पात आणि काचेसारख्या पारदर्शक नूडल्सचे तुकडे.

लाट्या लाटताना कडा पातळ आणि मध्य जाड ठेवायचा, म्हणजे चुण्या घातल्यावर तोंडाशी गोळा होत नाही आणि तळ सारणाचं वजन पेलतो. एका हाताने लाटी फिरवत दुसऱ्या हाताने छोटं लाटणं कडेपासून मध्यापर्यंतच न्यायचं आणि परत आणायचं. ताई आणि धाकटा लाटत होते, आम्ही तिघी भरत होतो. चीनच्या उत्तरेकडे नववर्षाच्या आदल्या रात्री अख्खं घर असंच च्याओत्स, म्हणजे याच डंपलिंग, भरायला बसतं. ते एकट्याने करायचं काम नाहीच. साठ डंपलिंग एकटीने करायला गेलं तर पहिल्या सुकतात आणि शेवटच्यांना कंटाळ्याचे हात लागतात. पाचजण असले की गप्पा रंगायच्या आत साठ होतात.

गप्पा, किंवा जे काही झालं ते. हात गुंतलेले असले आणि कुणी कुणाकडे बघत नसलं की माणूस बोलतो. ती चुण्या घालता घालता म्हणाली, "जेवणाचं काही नाही गं, त्याची सवय झाली. गॅस चालू राहिला तर कळणार नाही ही भीती असते, तीही समजू शकते. पण लेकाच्या डोक्याचा वास. तो झोपला की मी अजून त्याच्या केसांत नाक खुपसते. तो वास मला आठवतोय की मी आठवतोय असं ठरवलंय, हेच आता कळत नाही."

कुणी काही बोललं नाही. ताईने फक्त पुढची लाटी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती भरली.

सेन्सेईने मग ती जुनी दंतकथा सांगितली. चीनमधल्या प्राचीन हान राजवटीच्या काळातले चांग चुंगचिंग नावाचे वैद्य एका कडाक्याच्या हिवाळ्यात गावी परतले, तर थंडीने लोकांचे कान फुटले होते. त्यांनी मटण, मिरची-मसाल्याच्या औषधी... मी मधेच थांबवलं, कारण मिरची तेव्हा चीनमध्ये असणार कुठून? ती अमेरिकेतून बाहेर पडली तीच कोलंबसनंतर. सेन्सेई हसून म्हणाली, बरं, नुसत्या गरम औषधी. तर त्या पापुद्र्यात गुंडाळल्या, कानाचा आकार दिला, उकडून लोकांना खायला घातल्या. खरं-खोटं कुणी सांगावं, पण त्यानंतर ताटातली प्रत्येक डंपलिंग मला कानासारखीच दिसायला लागली.

आता चुकीबद्दल. ती माझी होती.

दुपारच्या भाताबरोबर मी थाई हिरवी करी करणार होते. यादी करताना मी दिवसाचं कारणच विसरले असं नव्हे, मला वाटलं एखादा पदार्थ बाकीच्यांसाठीही असू दे. गवती चहाचे खालचे पांढरे दांडे, आल्याच्या कुळातलं गलांगल, मकरूत लिंबाची साल, कोथिंबिरीची मुळं, लसूण, हिरव्या मिरच्या असं सगळं मी खलबत्त्यात घेतलं आणि कुटायला लागले. मिक्सरपेक्षा कुटलेलं वाटण वेगळं होतं. पात्यांनी तंतू कापले जातात, बत्त्याने चिरडले जातात आणि त्यातलं तेल बाहेर येतं. पाचव्या-सहाव्या घावाला घमघमाट सुटला. धाकटा नकळत म्हणाला, "आहाहा!" ताईने मान वर केली. सेन्सेईने डोळे मिटून श्वास ओढला. आणि मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं.

ती ओट्याशी उभी होती. चेहऱ्यावर राग नव्हता, हेवाही नव्हता. मैफलीत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपल्याच कानात बोळे आहेत, असं काहीसं. माझा हात बत्त्यावरच राहिला. मला ते वाटण उचलून बाहेर ठेवावंसं वाटलं.

"कुट की," ती म्हणाली. "थांबू नकोस. मला सांगा कसा येतोय."

सांगायला गेलो आणि अडलो. घासाच्या स्पर्शाला आपल्याकडे पन्नास शब्द, पण वासाला? सुगंध, सुवास, दरवळ, घमघमाट हे सगळे वास किती आहे ते सांगतात. खमंग, कुबट, खवट, उग्र हे तो बरा की वाईट ते सांगतात. तो आहे कसा, हे कोण सांगणार? धाकटा म्हणाला, "लिंबासारखा." ती म्हणाली, "ते मला रोज बाटलीत येत नाही. दुसरं सांग." मग ताई थोडा वेळ विचार करून म्हणाली, "ओल्या गवतावरून कुणीतरी अनवाणी पळत गेलंय असा." सेन्सेई म्हणाली, "हिरव्या रंगाच्या काचेला टिचकी मारली तर जो आवाज येईल तसा. उंच आणि लगेच विरणारा." मी म्हणाले, "वर थंड आणि खाली तिखट. गार पाण्यात पाय सोडलाय आणि पाठीवर ऊन आहे."

ती एकेक ऐकत होती. "हां," म्हणाली. "पाठीवर ऊन. ते घेतलं मी."

करी झाली. तिने ती खाल्ली नारळाच्या दुधाच्या दाटपणासाठी आणि मिरचीसाठी. मिरचीचा तिखटपणा ही चव नाहीच, तो तोंडातल्या मज्जातंतूंना बसणारा चटका आहे, आणि तो चटका नाकाची वाट पाहत नाही. पण तो पदार्थ त्या दिवशी नसता तरी चाललं असतं, असं मला अजूनही वाटतं.

दरम्यान काळे मशरूम भिजून पाचपट झाले होते. चिनीत त्यांना 'मूअर' म्हणतात, झाडाचा कान. दिसतातही तसेच, पातळ, वळलेले, आतून गुळगुळीत. दोन मिनिटं उकळून गार पाण्यात टाकले, तांदळाचं व्हिनेगर, सोया सॉस आणि लसूण घातली. तिने एक तुकडा चावला आणि आम्हाला तो करकर आवाज समोरून ऐकू आला. गोडासाठी धाकट्याने चिकट तांदळाच्या पिठाचे गोळे करायला घेतले. या तांदळाच्या स्टार्चमध्ये अमायलोज हा घटक जवळपास नसतोच, म्हणून तो मोकळा होत नाही, ताणला जातो. त्याने विचारलं, "पाणी किती घालू?" सेन्सेई म्हणाली, जपानी पाककृतींत याचं माप ठरलेलं असतं: पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ झालं पाहिजे.

ते ऐकून धाकट्याने पिठाचा गोळा एका हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने स्वतःची पाळी चिमटीत धरली. "मला कळत नाहीये. माझी कडक आहे का?" मग ताईची धरली. ताईने त्याची. तिने माझी धरली आणि दुसऱ्या हाताने गोळा दाबला. डोळे मिटलेले, भुवया वर. "अजून एक चमचा," ती म्हणाली. त्याने घातलं. तिने पुन्हा माझी पाळी दाबली, पुन्हा गोळा दाबला. "आता झालं." तिची बोटं गार होती आणि पिठाने माखलेली. संध्याकाळी घरी जाऊन आरशात बघितलं तर माझ्या कानाला ते पीठ सुकून बसलेलं होतं. मी ते लगेच काढलं नाही.

डंपलिंग तव्यावर घालायची वेळ आली तेव्हा मी सवयीने पुढे झाले. जड तळाचा पसरट तवा, तेल, डंपलिंग गोलाकार मांडलेल्या. तळ सोनेरी झाला की उंचीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत पाणी घालायचं आणि लगेच झाकण. वाफेवर वरचं शिजतं, पाणी आटलं की तळ पुन्हा कुरकुरीत होतो. एकाच पदार्थाला तीन पोत: वर लुसलुशीत, आत रसाळ, खाली कडक. झाकण कधी काढायचं हे मी वासावरून ठरवते. पीठ भाजल्याचा वास बदलतो तो क्षण.

"मी करू?" ती म्हणाली.

मी उलथनं तिच्या हातात दिलं. तिने पाणी घातलं, तव्याने चर्र केलं, झाकण बसलं. आतून खदखद यायला लागली. ती जराशी वाकली, कान तव्याच्या बाजूला कलता केला आणि हात वर करून आम्हाला गप्प केलं. पाचजणांचं स्वयंपाकघर एकदम शांत. खदखद चालली होती, भरलेली, जाड. तीन-चार मिनिटांनी ती विरळ झाली. मग मधे मधे एखादा तडका. "पाणी संपत आलं," ती हळूच म्हणाली. तडतड वाढली, जवळजवळ पावसासारखी, आणि मग एकाएकी बारीक झाली. कोरडी, एकसुरी चरचर. "आता." तिने झाकण काढलं.

डंपलिंग ताटात उलट्या केल्या तेव्हा साऱ्यांचे तळ एकसारखे, गडद मधाच्या रंगाचे. माझ्या कधी इतक्या एकसारख्या होत नाहीत, आणि मी त्या बरीच वर्षं करते आहे.

"कसं कळलं तुला?" धाकट्याने विचारलं.

"अरे, करपलेलं मला कळत नाही ना. दोन वर्षं मी गॅससमोर कान देऊनच उभी असते." ती सहज म्हणाली आणि दुसरा घाणा लावायला वळली. घरी रोज दोन वेळा तिचं हे शिक्षण चाललं होतं, एकटीचं, कुणालाही न सांगता. त्या काळात आम्ही तिला जेवायला बोलवायचं टाळत होतो, तिला त्रास नको म्हणून.

साठच्या साठ तिनेच भाजल्या.

शेवटी मापो टोफू. झणझणीत रश्श्यातलं टोफू. हा चीनच्या सिचुआन प्रांतातल्या छंग्तू शहराचा पदार्थ. त्यातली खरी करामत सिचुआन मिरीची. नावात मिरी असली तरी तिचं मिरीशी नातं नाही, ती लिंबाच्या कुळातली. काळी बी टाकून द्यायची, वापरायचं ते वरचं लालसर टरफल, कोरडं भाजून कुटायचं. तिच्यातल्या सान्शूल नावाच्या द्रव्याने ओठ झिणझिणतात. २०१३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी माणसांच्या ओठांना ही मिरी लावली आणि ती झिणझिण बोटावरच्या यांत्रिक कंपनाशी जुळवून घ्यायला सांगितली. ती साधारण ५० हर्ट्झ भरली. म्हणजे ही चवही नाही, वासही नाही. ओठाची कातडी थरथरते आहे असं मेंदूला वाटतं. चिनी लोक बधिरपणाला 'मा' म्हणतात, तिखटाला 'ला', आणि दोन्ही मिळून 'माला'.

पहिला चमचा खाऊन ती ओठ बोटाने चाचपत बसली. "वाजतंय," म्हणाली. "ओठ वाजतायत माझे." मग आम्ही सगळ्यांनीच खाल्लं आणि पाचजण ओठांना हात लावून एकमेकांकडे बघत राहिलो. त्या एका पदार्थापुरते आम्ही पाचही जण अगदी एकाच पायरीवर होतो. तिला जे येत होतं ते सगळं आम्हाला येत होतं, आणि या थरथरीत आमच्या नाकांचा आम्हाला काही जास्तीचा उपयोग नव्हता. ती भातावर घेऊन घेऊन खात होती. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ताई उठून पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली आणि थोड्या उशिराने आली.

निघायच्या आधी किमची. कोबीचं पान आता बोटाभोवती गुंडाळलं जात होतं. तीन वेळा धुऊन निथळलं. तांदळाच्या पिठाची पातळ पेज, त्यात कोरियन लाल तिखट गोचुगारू, लसूण, आलं, मुळ्याच्या काड्या, माशाच्या सॉसऐवजी सकाळचंच कोंबू-शिताकेचं पाणी. कोरियात हिवाळ्याच्या तोंडावर शेजारीपाजारी जमून ढिगाने किमची घालतात, त्याला किमजांग म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने ती परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पण मला त्याहून मोलाचा वाटला तो एक कोरियन शब्द, सोनमात. सोन म्हणजे हात, मात म्हणजे चव. तिच्या हाताला चव आहे, असं आपण म्हणतो ना, अगदी तेच, तिकडे एका शब्दात. किमची पानापानाला हाताने माखावी लागते, म्हणून तिथे हा शब्द हटकून निघतो.

"मग हे तूच कर," ताई तिला म्हणाली.

तिने केलं. हातमोजे घालून, एकेक पान उचलून, देठापासून टोकापर्यंत, घाई न करता. दोन बरण्या भरल्या. वर तीन बोटं जागा सोडली, कारण आंबताना वायू होतो आणि रस वर चढतो. कोबीच्या पानांवरच असणारे जिवाणू मिठात तग धरतात, साखर खाऊन आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड करतात. एक-दोन दिवस बाहेर, मग फ्रीजमध्ये. एक बरणी ताईकडे राहिली, एक ती घेऊन गेली.

मंगळवारी रात्री साडेअकराला तिचा फोन आला. मी घाबरून उचलला.

"लेक झोपलाय, हळू बोलते," ती कुजबुजली. "एक ऐक."

मग बराच वेळ काहीच नाही. बहुतेक तिने फोन ओट्यावर ठेवला असावा. झाकण सैल केल्याचा आवाज आला, आणि त्यामागून बारीक, ओली, न थांबणारी चुळबुळ. बुडबुडे वर येत होते. मी अंधारात फोन कानाशी घट्ट धरून बसले.

"आलं का ऐकू?"

"आलं."

"तयार झालीय," ती म्हणाली. "रविवारी येता का जेवायला?"